धरलेला मासा सोडताना

प्रत्येक घरात यजमानांना कसला ना कसला नाद असतोच. कुणाला क्रिकेटचा, कुणाला पत्त्यांचा, कुणाला जुने रेडिओ उघडून बसण्याचा. आमच्या 'ह्यां'ना गळाचा. रविवारी पहाटे चारला उठायचे, मी आदल्या रात्री मळून ठेवलेली कणीक डब्यात घालायची (पोळ्यांसाठी नव्हे बरं का, माशांसाठी!) आणि धरणाच्या पाण्यावर जाऊन बसायचे. संध्याकाळी परत येताना हातात मासा क्वचितच. पण 'आज एवढा मोठा सुटला' ही गोष्ट मात्र नेमाने. तीस वर्षे मी ही गोष्ट ऐकते आहे. सुटलेला मासा दर वर्षी थोडा थोडा वाढतोच!

आज सांगते आहे ती गोष्ट मात्र सुटलेल्या माशाची नाही, सोडलेल्या माशाची आहे. तुमच्या घरी कुणी गळ टाकत नसेल, तरी वाचा. कारण सुटीत नदीवर, तलावावर, बोटीत बसायला आपण सगळ्याच जातो आणि घरात काचेच्या पेटीत मासेही पाळतो. या गोष्टीचे एक टोक थेट आपल्या हातात आहे.

चाळीस मिनिटांची झुंज

२००४ च्या फेब्रुवारीत मुलांची चार दिवस शाळा बुडवून आम्ही म्हैसूर-बंगलोरकडे गेलो होतो. ह्यांचा खरा डोळा कावेरीवर होता. त्या काळी कावेरीच्या काठी, जंगलाच्या कुशीत, गळाच्या शौकिनांसाठी छावण्या होत्या. तिथे बांबूच्या गोल टोपलीसारख्या होडीत बसून मासे धरायला जात. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात. होडी कसली, आपली धान्याची मोठी पाटीच! मी देवाचे नाव घेत एका कडेला घट्ट धरून बसले होते.

आमिष म्हणजे नाचणीच्या पिठाची उकड. आपण मोदकाची काढतो तशीच, फक्त चांगली घट्ट. तिचे लिंबाएवढे गोळे. मला वाटले, चला, इथेसुद्धा पीठ मळल्याशिवाय काही सुरू होत नाही.

दुपारी ह्यांच्या गळाला मासा लागला. चाळीस मिनिटे ओढाताण चालली होती. शेवटी तो काठाशी आला तेव्हा पाहिले, चार-पाच किलोंचा तरी असेल. रुपयाएवढे खवले, जाड ओठ, अंगावर उन्हाची झळाळी. खोटे कशाला बोलू? मी मनातल्या मनात त्याच्या तुकड्या करून, हळद-मीठ लावून, चिंचेचा कोळसुद्धा काढून ठेवला होता. तेवढ्यात आमच्याबरोबरचा वाटाड्या गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने माशाला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला, दोन्ही हातांनी त्याला पोटाखाली आधार दिला, त्याचे तोंड प्रवाहाकडे केले आणि तसाच उभा राहिला. मिनिटभराने माशाने शेपटी हलवली आणि तो गेला!

"अहो, सोडला?" मी ओरडलेच.

"सोडायचाच असतो," हे म्हणाले. चेहरा असा, की जणू मुलीची पाठवणी करून आले आहेत.

संध्याकाळी तो वाटाड्या चहा घेता घेता मोडक्या हिंदीत सांगत होता. पूर्वी तोही याच नदीत मासे मारायचा, मिळेल त्या मार्गाने. आता छावणीत पगार मिळतो. मारलेला मासा एकदाच जेवू घालतो, सोडलेला मासा दर वर्षी पाहुणे आणतो, हा त्याचा हिशेब. मला तो पटला. घर चालवणाऱ्या बाईला असला हिशेब लवकर कळतो.

कुबडा राजा

तो मासा होता महसीर. गोड्या पाण्यातला राजाच म्हणा. भारतात त्याच्या अनेक जाती आहेत. हिमालयातल्या नद्यांत सोनेरी महसीर, आपल्या दख्खनच्या नद्यांत निळसर परांचा, आणि कावेरीच्या खोऱ्यात कुबड असलेला. डोक्यामागून पाठीवर उंचवटा, पर नारिंगी. हा कुबडा महसीर जगात फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्यांत होतो, दुसरीकडे कुठेही नाही. महसीरांत सर्वांत मोठा होणाराही तोच. १९४६ साली काबिनी नदीवर गळाने धरलेला एक महसीर १२० पौंडांचा भरला होता. म्हणजे चोपन्न किलो. तांदळाच्या अख्ख्या पोत्याहून जड!

गंमत बघा, इंग्रजांच्या काळापासून सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या या माशाचे नेमके शास्त्रीय नाव ठरायला २०१८ साल उजाडावे लागले. केरळातल्या पांबार नदीत सापडलेल्या एका महसीराला २००७ मध्ये नाव दिले गेले होते. कावेरीतला कुबडा आणि तो एकच, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. नाव काय, तर 'टॉर रेमादेवी'. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतल्या मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ ते ठेवलेले आहे. नदीच्या राजाला एका बाईचे नाव! वाचून मला फार बरे वाटले.

पण त्याच वर्षी आणखी एक शिक्का त्याच्या नावापुढे बसला. जागतिक यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. ही शेवटची पायरी. हिच्यापुढे नामशेष होणेच उरते.

माहेरचा पाहुणा

कारणे पुष्कळ आहेत. नदीवर धरणे झाली, वाळू उपसली गेली, पाणी घाण झाले, सुरुंगाची दारू पाण्यात फोडून लहान-मोठे सगळेच मासे एका फटक्यात मारले गेले. महसीराला वाहते, स्वच्छ पाणी आणि तळाशी गोटे-खडी लागते. त्याशिवाय तो अंडी घालत नाही. पण एक कारण असे आहे, की ते कळल्यावर माझा जीव चरकला. त्याचा धागा आपल्या लोणावळ्याला येऊन पोचतो.

निळ्या परांचा महसीर हा अस्सल आपला. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याला दिलेले 'खुद्री' हे नावही इथल्याच बोलीतले. पुढे हा मासा आपल्याकडेही कमी होत चालला. तेव्हा १९७० च्या सुमारास लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याचे बीज तयार करण्याचे काम हाती घेतले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्या माणसाने त्यात लक्ष घातले. मादीच्या पोटावरून हलक्या हाताने अंडी उतरवून घ्यायची, फळवायची, पिल्ले बोटभर झाली की सोडायची. बाळंतिणीच्या खोलीइतकेच जपून करण्याचे काम. त्यातून लाखो बोटुकल्या तयार झाल्या आणि देशभर दिल्या गेल्या. आपला निळ्या परांचा महसीर त्यामुळे सावरला. एके काळी तो संकटग्रस्तांच्या यादीत होता, आता त्या यादीतून बाहेर आला आहे. अभिमानाचीच गोष्ट आहे.

मग बिघडले कुठे? ही बोटुकली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीतही सोडली गेली. पुढे कर्नाटकातही हे बीज तयार होऊ लागले. हेतू चांगलाच होता. कावेरीतले महसीर घटत आहेत ना, मग महसीरच सोडू या! तेव्हा सगळे महसीर एकाच माळेचे मणी वाटत होते. पण हा पाहुणा तिथे रुजला, वाढला, पसरला. खाणे तेच, जागा तीच. घरचा कुबडा मागे पडत गेला. दोष एकट्या पाहुण्याचा नाही, नदीचे हालही होत होतेच. पण आधीच अशक्त झालेल्या माणसाच्या ताटात दुसरा वाटेकरी बसला, तर काय होणार?

हे वाचले त्या रात्री मी जुना आल्बम काढला. २००४ चा तो फोटो. हे गुडघाभर पाण्यात, शेजारी वाटाड्या, आणि पाण्यात अर्धा दिसणारा मासा. भिंग लावून पाहिले. पर निळसर-करडे. पाठ सरळ. कुबड नाही.

इतक्या लांब जाऊन ह्यांनी धरला होता तो आपल्याच माहेरचा मासा!

वहीने दिलेली साक्ष

आता तुम्ही विचाराल, नदीच्या पोटात कोण वाढले आणि कोण घटले हे कळले कसे? ऐका. ते कळले गळवाल्यांच्या वहीमुळे.

आपण कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो ना, 'आज अर्धा लिटर', 'आज खाडा', तशीच कावेरीकाठच्या एका छावणीत नोंद ठेवलेली होती. कोण किती तास बसले, कोणता मासा लागला, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदींत सहा हजारांहून अधिक महसीर होते; अर्ध्या किलोच्या पोरापासून शेहेचाळीस किलोंच्या थोराड माशापर्यंत. सगळे धरून पुन्हा सोडलेले. शास्त्रज्ञांनी त्या वह्या उलगडल्या आणि चित्र समोर आले. एकूण मासे वाढत होते, सरासरी वजन मात्र कमी होत होते, कारण वाढणारे होते ते निळ्या परांचे. कुबडे कमी कमी होत होते आणि जे लागत ते मोठे, जुने. लहान कुबडे जवळजवळ दिसतच नव्हते. ज्या घरात म्हातारी माणसेच उरली आणि पाळणा हलत नाही, त्या घराचे पुढे काय, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बघा, कुणी कधी वाचील असा विचारही न करता लिहिलेली ती वही. पण तिच्यामुळेच एका माशाची हाक ऐकू आली.

त्या अभयारण्यात आज गळ टाकता येत नाही. वन्यजीव कायद्याप्रमाणे २०१२ च्या सुमारास ते बंद झाले. अभयारण्यात कुठल्याच प्राण्याला त्रास नको, हा कायद्याचा विचार समजण्यासारखा आहे. छावण्यांबरोबर रात्रंदिवसाची राखण गेली आणि चोरटे सोकावले, अशीही अनेक गळवाल्यांची तक्रार आहे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. आपण एवढेच लक्षात ठेवायचे, की बंदी असेल तिथे बंदी पाळायची आणि परवानगी असेल तिथे आपली रीत सुधारायची.

घरी गळ टाकणारे कुणी असेल तर

पुढच्या गोष्टी आमच्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. हव्या तर कात्रण काढून ठेवा.

१. परवाना आणि जागा आधी विचारून घ्यावी. अभयारण्यात, देवाच्या डोहात गळ टाकूच नये. पावसाळ्यात महसीर अंडी घालायला वर चढतात, तेव्हा गळ घरीच राहू द्यावा.

२. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो, तो पक्कडीने दाबून बसवावा. मग गळ अलगद निघतो, तोंड फाटत नाही.

३. तंगूस मजबूत घ्यावा. बारीक तंगुसावर मासा तासभर खेळवण्यात मर्दुमकी नाही. फार दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

४. माशाला कोरडे हात लावू नयेत. मासा साफ करताना आपण राख लावून त्याचा बुळबुळीतपणा घालवतो ना? जिवंत माशाचे तेच चिलखत आहे. ते निघाले की त्याला रोग जडतात. हात आधी ओले करावेत. फडक्याने पकडू नये, खडकावर-वाळूवर टाकू नये.

५. कल्ल्यात बोटे घालून उचलू नये. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यातच असताना, पोटाखाली आधार देऊन. आपण श्वास रोखून धरू तेवढासुद्धा वेळ त्याला बाहेर ठेवू नये.

६. सोडताना फेकू नये. तोंड प्रवाहाकडे करून धरावे. तो आपणहून शेपटी मारून जाईल तेव्हाच हात काढावेत.

७. वही ठेवावी. तारीख, जागा, कोणता मासा, किती लांब, परांचा रंग कोणता.

८. आमिषाला नेलेले जिवंत मासे उरले तर ते त्या पाण्यात सोडू नयेत. तुटलेला तंगूस गुंडाळून घरी आणावा. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

बोटीत बसणाऱ्या आपण सगळ्या

उथळ पाण्यातून, गोट्यांवरून इंजिनाची बोट नेऊ नये. माशांची अंडी तिथेच असतात. नावाडी नेत असेल तर आपण सांगावे. बाई बोलली की ऐकतात, माझा अनुभव आहे. स्वतःची बोट किंवा रबरी होडी असेल तर एका तलावातून दुसऱ्या तलावात नेण्याआधी ती धुऊन, आतले पाणी पूर्ण काढून, उन्हात खडखडीत वाळवावी. एका पाण्यातले किडे, अंडी, वेली दुसऱ्या पाण्यात जातात त्या अशाच. जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते पुलावरून जाताना रोज दिसतेच. तीही कधी काळी सुंदर फुलांची म्हणून हौसेने आणलेली!

आणि डोळे उघडे ठेवावेत. पाण्यात स्फोटाचा आवाज आला, पांढरी पोटे वर करून मासे तरंगताना दिसले, तर जागा आणि वेळ टिपून वन खात्याला किंवा पोलिसांना कळवावे. 'आपल्याला काय करायचंय' म्हणून पुढे जाऊ नये. नदीवर दिवसभर कुणी पहारा करू शकत नाही; पण बोटीत बसणारी माणसे दिवसभर असतात.

आणि स्वयंपाकघरातून

पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीच्या माशांत गाभोळी भरलेली असते. मला ठाऊक आहे, गाभोळी म्हटले की तोंडाला पाणी सुटते. पण एका गाभोळीत पुढच्या सालचे किती मासे असतात! नदीचा मासा त्या दिवसांत नाही खाल्ला तर काही बिघडत नाही. आषाढ-श्रावण पाळण्याची आपली रीत काही उगाच नव्हती.

देवाच्या डोहांचेही तसेच. महाडजवळ सावित्री नदीवर वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर राखलेले आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही. तुंगेकाठी शृंगेरीलाही तसेच. सरकारी कायदा होण्याच्या कितीतरी आधी श्रद्धेने हे काम केले. तिथे गेलात तर कुरमुरे जरूर घाला, पण प्लॅस्टिकची पिशवी परत पर्समध्ये घाला.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागच्या दिवाळीत आमची नात तिच्या काचेच्या पेटीतले मासे घेऊन माझ्याकडे आली. पेटी लहान पडायला लागली होती. "आजी, आपण यांना नदीत सोडू या. ते मोकळे होतील ना?" डोळ्यांत पाणी होते पोरीच्या. किती चांगला विचार! पूर्वीची मी असते तर तिला जवळ घेतले असते आणि दोघी नदीवर गेलो असतो. पुण्य पदरी पडले म्हणून घरी येऊन देवापुढे दिवाही लावला असता.

मी तिला तो जुना फोटो दाखवला. कावेरीची गोष्ट सांगितली. उजनीच्या धरणात, पेटीची काच चाटणारा तो काळा सकर मासा आता कोळ्यांच्या जाळ्यांत येतो आणि त्यांची जाळी फाडतो, तेही सांगितले. तो काही तिथे आपणहून चालत गेला नाही. कुणाच्या तरी पेटीतूनच बाहेरच्या पाण्यात गेला. माया करून सोडलेला जीव जर दुसऱ्याच्या घरात जाऊन बसला, तर ती माया नव्हे गं बाई.

मग दोघी मिळून मासे जिथून आणले होते त्या दुकानदाराकडे परत देऊन आलो. तो पैसे द्यायला तयार नव्हता. म्हटले, नको देऊस, पण नीट ठेव.

आता रविवारी हे धरणावर जातात तेव्हा नात बरोबर असते. वही तिच्या हातात. परवा परत आल्यावर तिने मला वाचून दाखवली. तारीख, जागा, एक महसीर, लांबी दोन वीत, पर निळे. खाली तिने आपल्या मनाने एक ओळ घातली होती: 'हा इथलाच आहे. सोडला.'